बुडवलेल्या जहाजाभोवतीचं पाणी

नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार ही युद्धनौका सिंधुदुर्गातल्या निवतीच्या खडकांजवळ समुद्राच्या तळाशी बसवायचं ठरलं, तेव्हापासून आमच्या गावाकडच्या मंडळींत दोन तट पडले आहेत. एका तटाला वाटतं, आता कोकणाचं माल्टा व्हायला वेळ लागणार नाही. दुसऱ्याला वाटतं, नौदलाचं भंगार आपल्या दारात आणून टाकतायत आणि मासळी कायमची जाणार. दोन्हीकडचे लोक मला विचारतात, कारण मी माल्टात, भूमध्य समुद्रातल्या त्या बेटांच्या देशात, नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी बहुतेक वेळ पाण्याखाली असते. फोनवर चार वाक्यांत सांगून भागेल असा हा विषय नाही, म्हणून लिहायला बसले.

माझं मत आधीच सांगून टाकते. जहाज बुडवायला माझी हरकत नाही. पण इथे राहून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे, की या सगळ्या प्रकरणात जहाज बुडवणं हेच सगळ्यात सोपं काम आहे. त्याच्या भोवतीचं पाणी कुणाचं, तिथे जाळं कुणी टाकायचं, नांगर कुणी टाकायचा नाही आणि हे पाहायला वर्षभर तिथे कोण असणार, हे आधी कागदावर यायला हवं. आपल्याकडच्या चर्चेत नेमकं हेच कुणी बोलत नाही. एक बाजू फोटो दाखवते, दुसरी भीती दाखवते.

गुलदारबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोलंडमधल्या ग्दिनियाच्या गोदीत बांधलेली ही युद्धनौका 1985 च्या डिसेंबरात नौदलात आली. किनाऱ्याला थेट टेकून रणगाडे आणि सैनिक उतरवायचं तिचं काम. लांबी सुमारे 84 मीटर. 12 जानेवारी 2024 ला ती निवृत्त झाली, 2025 मध्ये विजयदुर्गला आणली गेली, आणि तिच्याभोवती पाण्याखालचं संग्रहालय, कृत्रिम खडक आणि पाणबुडीतून पर्यटन असा प्रकल्प आखला गेला. केंद्राने त्यासाठी सुमारे 47 कोटी रुपये मंजूर केले. पोटात रणगाडे ठेवायची मोठी मोकळी जागा असलेली नौका डायव्हरसाठी चांगलीच. नौकेची निवड मला चुकीची वाटत नाही.

आता माल्टा. सगळी बेटं मिळून 316 चौरस किलोमीटरचा देश, आणि त्याच्या किनाऱ्याला इतकी बुडालेली आणि बुडवलेली जहाजं की युरोपभरातून लोक फक्त त्यासाठी येतात. काही युद्धात गेलेली. एचएमएस माओरी ही ब्रिटिश विनाशिका फेब्रुवारी 1942 मध्ये व्हॅलेटाच्या बंदरात बॉम्ब पडून बुडाली. तिचा उरलेला भाग आज सेंट एल्मोच्या किल्ल्याजवळ पंधराएक मीटरवर आहे, नवशिके तिथेच पहिल्यांदा बुडालेलं जहाज पाहतात. काही मुद्दाम बुडवलेली. चिरकेव्वाला रोझी नावाची टगबोट 1992 मध्ये आणि पी-29 ही पूर्व जर्मनीची जुनी गस्तीनौका 2007 मध्ये. गोझो या माल्टाच्याच दुसऱ्या बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला शत्त लाहमार इथे तीन जुन्या प्रवासी बोटी शेजारी शेजारी आहेत.

रोझीची गोष्ट सिंधुदुर्गाने नीट ऐकावी अशी आहे. ती डायव्हरसाठी बुडवलेलीच नव्हती. पर्यटकांना पाण्याखालून फिरवणाऱ्या पाणबुडीसारख्या बोटीला काहीतरी दाखवायला हवं म्हणून ती तळाला नेली. ती सफर पुढे बंद पडली. रोझी राहिली आणि आज ती डायव्हरांची आहे. आपल्या प्रकल्पातही पाणबुडीचं आकर्षण सगळ्यात वर लिहिलेलं असतं. पाणबुडी चालवणं, तिची देखभाल करणं खर्चिक असतं. पण टाकी पाठीला लावून पाण्यात उतरणारा माणूस वर्षानुवर्षं परत येतो, गावात राहतो, गावात जेवतो.

मला सगळ्यात जवळचं वाटणारं जहाज म्हणजे उम एल फरूद. दहा हजार टनांचं, 110 मीटर लांबीचं लिबियन मालकीचं तेलवाहू जहाज. फेब्रुवारी 1995 मध्ये माल्टाच्या गोदीत दुरुस्तीला असताना त्यावर स्फोट झाला आणि गोदीतले नऊ कामगार गेले. जहाज तीन वर्षं बंदरात तसंच उभं राहिलं. शेवटी सप्टेंबर 1998 मध्ये ते वीद इझ-झुरिए या गावाजवळ बुडवलं. या गावाच्या धक्क्यावरून पर्यटकांना निळ्या गुहा दाखवायला रंगीत होड्या सुटतात. त्या होड्यांच्या बाजूने, पाठीवर टाकी घेऊन, उतारावरून पाण्यात शिरायचं आणि किनाऱ्यापासून पोहत जायचं. बोट लागत नाही. थोडं अंतर गेलं की खाली निळ्यात एक कडा दिसायला लागतो. खडक वाटतो, मग त्यावर रेलिंग दिसतं. तळ पस्तीस मीटरवर, पण पुलाचा, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या कक्षाचा, भाग बराच वर आहे, तिथूनच बहुतेक जण फिरायला सुरुवात करतात. बाराकुडांची रांग डोक्यावरून संथ जाते. आणि पुलावर एक पितळी पाटी आहे, गेलेल्या नऊ कामगारांच्या स्मरणार्थ. माझ्या बरोबरचे माल्टीज मित्र तिथे थांबतात, पाटीवरचं शेवाळ हातमोज्याने पुसतात आणि पुढे जातात. प्रत्येक वेळी.

फरूदकडे पाहताना दुसरी गोष्ट दिसते ती तिची फूट. 2005 च्या हिवाळ्यातल्या वादळाने हे जहाज मधोमध दुभंगलं. पस्तीस मीटर खोलीवर, दहा हजार टनांचं जहाज, भूमध्य समुद्रात. आपल्या समुद्रात जून ते सप्टेंबर नैऋत्येची जी लाट येते ती सलग चार महिने येते. गुलदार फरूदपेक्षा खूपच हलकी. ती किती खोल, कोणत्या दिशेला तोंड करून आणि कशा तळावर बसवायची, याचा हिशेब पावसाळ्याचा असायला हवा, डिसेंबरातल्या शांत पाण्याचा नव्हे. गोझोत 1999 मध्ये श्लेंडी नावाची फेरीबोट बुडवताना ती पालथी झाली आणि तळावर उलटीच जाऊन बसली. आजही तिच्या आत शिरणं धोक्याचं मानतात, कारण आत गेल्यावर छत कुठलं आणि जमीन कुठली हेच कळत नाही. बुडवण्याचं कामही नुसतं भोक पाडून होत नाही, हे सांगायला ती एक बोट पुरे.

पण तांत्रिक गोष्टी तज्ज्ञ पाहतील. मला बोलायचंय ते मासळीबद्दल, कारण दोन्ही तटांचं खरं भांडण तिथेच आहे.

समर्थक म्हणतात की जहाज बुडवलं की मासे वाढतात. माल्टाच्या कोळ्यांना विचारा, ते वेगळं सांगतील. इथे ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत लाम्पुकी नावाच्या माशाचा हंगाम असतो. हिरवट सोनेरी, चपळ मासा, खुल्या समुद्रातला. त्याला पकडायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. तरंगत्या तराफ्यांना खजुरीच्या झावळ्या बांधून ते खुल्या समुद्रात रांगेने नांगरून ठेवतात, त्यांना कन्निझाती म्हणतात. सावलीखाली लाम्पुकी गोळा होतात, मग होडी जाऊन त्यांच्याभोवती जाळं फिरवते. तराफ्याने मासे जन्माला घातलेले नसतात, ते एका जागी आणलेले असतात. बुडवलेलं जहाज पहिल्या काही वर्षांत बहुतांशी हेच करतं. आडोसा मिळतो म्हणून आजूबाजूचे मासे तिथे येतात. अशा ठिकाणी मासेमारी मोकळी ठेवली तर आपण जाळ्यासाठी मासे गोळा करून दिले, एवढंच होतं, आणि त्याचा सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मोठ्या जाळ्याला होतो. पैदास वाढायची तर त्या जागेला जाळ्यापासून बरीच वर्षं विश्रांती मिळावी लागते.

माल्टाने हे ओळखलं. 2008 मध्ये इथल्या सरकारने बुडवलेल्या जहाजांभोवती संरक्षित क्षेत्रं आखून दिली आणि तिथे मासेमारी व नांगर टाकणं बंद केलं. जी जहाजं ऐतिहासिक आहेत, खोल आहेत, त्यांच्यासाठी 2019 पासून हेरिटेज माल्टा या सरकारी वारसा संस्थेचा स्वतंत्र विभाग आहे, त्याची परवानगी घेऊनच तिथे उतरता येतं. स्पेनच्या किनाऱ्याजवळच्या मेदेस बेटांवर तर 1983 पासून मासेमारीबंदी आहे. तिथे जहाज बुडवून नव्हे, बंदीने हेकरूच्या जातीचे मोठाले मासे परत आले, आणि ते पाहायला येणाऱ्या डायव्हरांवर शेजारचं लेस्तार्तित गाव आज पोट भरतं. किती जणांनी रोज उतरायचं याला मर्यादा आहे आणि प्रत्येक उतरण्यामागे शुल्क आहे.

इथवर वाचून पहिला तट खूश होईल. आता दुसऱ्या तटाचं ऐकू या.

माझा मामा निवतीच्या बाजूला राहतो, त्याची छोटी होडी आहे, तो खाडीत नाही, बाहेर खडपांजवळ म्हणजे समुद्रातल्या खडकांजवळ जाळी टाकतो. तो मला म्हणाला, "अगो, मासो खडपाक येता. थंयच बोट बुडवली तर आमी जाळी खंय मारूची?" या प्रश्नाचं उत्तर माल्टात मिळत नाही, आणि हाच दोन ठिकाणांमधला सगळ्यात मोठा फरक आहे. माल्टाच्या कोळ्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग बाहेरच्या खोल समुद्रातल्या लाम्पुकीतून येतो. किनाऱ्याला लागून चार-दोन जागा डायव्हरांना दिल्या म्हणून त्याची चूल थांबली नाही. निवतीच्या लहान होडीवाल्याकडे खोल समुद्रात जाण्याइतकं इंजिनही नाही आणि डिझेलचे पैसेही नाहीत. खडकाभोवतीचं पाणी हेच त्याचं शेत. त्यातला तुकडा काढून घ्यायचा तर बदल्यात काय, हे विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे. त्याला विकासविरोधी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

आणि मच्छीमारांचा राग जुना आहे. 1987 मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्याच्या गाभा क्षेत्रात. हेतू चांगला होता. पण मच्छीमारांना विश्वासात न घेता वरून आलेली रेघ म्हणून तिला विरोध झाला आणि तो आजतागायत गेलेला नाही. गुलदारभोवती दुसरी तशीच रेघ आखली गेली तर तिचंही तेच होईल.

लहान मच्छीमार इतकी वर्षं काय मागतायत ते सगळ्यांना ठाऊक आहे. पर्ससीनवर, म्हणजे माशांच्या थव्याभोवती फिरवून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्यांवर, राज्याने 2016 मध्ये निर्बंध घातले. रात्री एलईडी दिव्यांनी मासे खेचून करायच्या मासेमारीला केंद्राने 2017 मध्ये बंदी केली. 2021 मध्ये राज्याचा कायदा आणखी कडक झाला. तरी रात्री बाहेर दिवे दिसतात, असं मामा सांगतो आणि त्याचे शेजारीही सांगतात. माझ्या मते सौदा इथे आहे. जहाजाभोवती लहानसं, नेमकं, बोयांनी म्हणजे नांगरून ठेवलेल्या तरंगत्या पिंपांनी दाखवलेलं वर्तुळ सगळ्यांसाठी बंद. त्याच्या मोबदल्यात बाहेरच्या पट्ट्यात पर्ससीन आणि एलईडीवर खरीखुरी गस्त, तीही वर्षभर. प्रकल्पाच्या गस्तीनौकेने दोन्ही कामं करावीत. डायव्हर वाचवायला जी बोट समुद्रात असणारच आहे, तिला मामाचं पाणी राखायला वेगळा खर्च येत नाही. मामासारख्या माणसाला हे पटेल, कारण त्याच्या जाळ्यातली मासळी खरी कुठे जाते हे तो जाणतो.

आता कोकणाचं माल्टा होईल या स्वप्नाबद्दल. ते होणार नाही, आणि होऊही नये असं मला वाटतं. माल्टाचं पाणी चांगल्या दिवशी तीस मीटरपर्यंत आरपार दिसतं. इथे मोठ्या नद्या नाहीत, गाळ नाही, भरती-ओहोटी वीतभर. आपल्याकडे नद्यांचं पाणी, दोन मीटरच्या आसपास भरती-ओहोटी, आणि चांगल्या हंगामातही मालवणला पाच-सात मीटर दिसलं तर दिवस चांगला. 26 मे ते 31 ऑगस्ट जलक्रीडा बंदच असतात. तीस मीटर दिसण्याच्या हिशेबाने केलेल्या जाहिराती पाहून आलेला माणूस निराश होऊन जाईल आणि दोष त्याला पाण्यात नेणाऱ्या देवबागच्या पोराला देईल.

उलट एक गोष्ट माल्टाकडे नाही आणि आपल्याकडे आहे. भूमध्य समुद्रात उष्ण कटिबंधातल्यासारखी प्रवाळाची बांधणी नाही. इथे ज्याला सगळे रीफ म्हणतात तो चुनखडीचा कडा असतो, त्यावर स्पंज, शेवाळ आणि मध्ये मध्ये पोसिडोनिया गवताची कुरणं. गोझोच्या द्वेइराला ब्लू होलमधून आत गेलं की एक गुहा आहे. टॉर्च लावला की सावलीतल्या भिंतीवर बोटाच्या पेराएवढे केशरी प्रवाळ दिसतात आणि आजूबाजूचे सगळे युरोपियन डायव्हर ते पाहायला थांबतात. मीही थांबते. आणि दरवेळी मला मालवणच्या किल्ल्यामागचा खडक आठवतो, जिथे दोन-तीन मीटर पाण्यात पसरलेलं जिवंत प्रवाळ आहे, आणि ज्याच्यावरून होडीचा नांगर घासत गेलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. विजयदुर्गापासून सुमारे 105 किलोमीटरवर समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक आहे, प्रवाळाचं ते एवढं मोठं पठार माल्टाला कोणी दिलं तर ते त्याच्यासाठी काय करणार नाहीत!

म्हणून माझं म्हणणं असं की 47 कोटींतला पहिला रुपया जहाजावर खर्च होऊ नये. तो किल्ल्यामागे आणि निवतीला कायमच्या बोया बसवण्यावर व्हावा, म्हणजे एकाही होडीला प्रवाळावर नांगर टाकावा लागणार नाही. होडी बोयाला बांधायची, बस. याला ना मोठं तंत्रज्ञान लागतं ना परदेशी सल्लागार. मालवण, देवबाग, तारकर्लीच्या पोरांनी गेल्या काही वर्षांत हा धंदा स्वतःच्या हिमतीवर उभा केला आहे, त्यांना हे हवंच असेल. तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, डायव्हिंग शिकवणारी संस्था 2015 पासून आहे. बोया कुठे हव्यात हे तिथले लोक आणि होडीवाले मिळून एका दिवसात दाखवतील.

दुसरा खर्च जीव वाचवण्याचा. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परत येणारी वीस पर्यटकांची होडी उलटली, दोघे गेले. तेव्हा खूप लिहिलं गेलं आणि मग ते विसरलंही गेलं. किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात पर्यटकाचा हात धरून दहा-पंधरा मिनिटं फिरवणं वेगळं आणि जहाजावर खोल उतरणं वेगळं. खोल पाण्यात दाबामुळे नायट्रोजन शरीरात विरघळतो. वर येताना घाई झाली तर त्याचे बुडबुडे सांध्यांत, मज्जारज्जूत अडकतात, माणूस पांगळा होऊ शकतो. यावरचा उपाय म्हणजे दाबाचा चेंबर. त्यात रुग्णाला पुन्हा अठरा मीटर खोलीइतक्या दाबाखाली नेऊन शुद्ध ऑक्सिजन देतात, एकेका उपचाराला पाच तास लागू शकतात. माल्टात असा चेंबर मुख्य सरकारी रुग्णालयात आहे आणि गोझोतही आहे. इथल्या डाइव्ह सेंटरच्या भिंतीवर त्याचा नंबर मोठ्या अक्षरात लावलेला असतो. गुलदारवरून वर आलेल्या माणसाला त्रास झाला तर त्याला कुठे न्यायचं, गाडीने की हेलिकॉप्टरने, किती वेळात, हे नौका खाली जाण्याआधी ठरलं पाहिजे. आणि तो चेंबर सिंधुदुर्ग जिल्ह्यातच हवा.

माल्टातलं सगळंच घेण्यासारखं नाही, हेही सांगायला हवं. कोमिनो बेटाजवळच्या ब्लू लगूनमध्ये उन्हाळ्यात इतकी गर्दी व्हायची की पाण्यापेक्षा छत्र्या आणि खुर्च्या जास्त दिसत. 2022 मध्ये इथल्या कार्यकर्त्यांनी जाऊन त्या खुर्च्या उचलल्या. अखेर 2025 मध्ये सरकारने नोंदणी सक्तीची केली आणि एका वेळी चार हजारांची मर्यादा घातली. हे आधी केलं असतं तर ते पाणी इतकं खराब झालं नसतं, असं इथले जुने डायव्हर हळहळून सांगतात. निवतीचे खडक कोमिनोच्या मानाने खूपच लहान आहेत. दिवसाला किती होड्या आणि किती माणसं, हा आकडा उद्घाटनाच्या दिवशीच फलकावर असायला हवा, आणि त्यातल्या शुल्काचा हिस्सा आजूबाजूच्या मच्छीमार सोसायट्यांच्या खात्यात थेट जायला हवा. होड्यांचे परवानेही आधी त्यांच्याच मुलांना.

हे सगळं ठरवायची बैठक निवतीतच व्हावी, मुंबईत नको. मासळी धरून लोक परत आल्यानंतरच्या वेळेला व्हावी. नकाशा भिंतीवर लावावा, वर्तुळ किती मीटरचं ते त्यांच्यासमोर काढावं, आणि जो आकडा ठरेल त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. आणि त्या बैठकीत निवतीचे लोक म्हणाले की या जागी नको, तर जागा बदलावी. 84 मीटरची नौका पाण्यावर आहे तोवर ओढून दुसरीकडे नेता येते, तळाला गेल्यावर नाही.